भिंतीला ओल नव्हती

युट्रेख्ट,
९ मार्च, रविवार

ती. ताई,

शिरसाष्टांग नमस्कार. इकडे मी ठीक आहे. तिकडे तूही ठीक असशील असं धरून पुढे लिहायची रीत आहे, पण तू फोनवर इतक्या घाईने "अगदी मजेत" म्हणतेस की मला तेसुद्धा धरवत नाही.

पत्र कशाला, असं म्हणशील. अगं, फोन केला की तू स्पीकरवर असतेस. मागे मिक्सर, सूनबाईंचं "कोण आहे, आई?" आणि कुणालचं "काय मावशी, काय म्हणतंय हॉलंड?" तुझ्या चिरंजीवांचा आवाज गोड आहे, पण मला जे बोलायचंय ते मिक्सरच्या साक्षीने बोलण्यासारखं नाही. म्हणून कागद. वाचून झाला की फाडून टाक.

इकडची बातमी म्हणजे माझी सायकल पुन्हा चोरीला गेली. दोन कुलपं लावली होती. खालच्या मजल्यावरचा विद्यार्थी नेमका आत्ताच नवी सायकल मिरवतोय. तिचा रंग वेगळा आहे, पण रंग काय, फासता येतो. हसतेयस ना? हस. मी टेस्टर आहे. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये कुठे खोट आहे ते शोधायचा मला पगार मिळतो, आणि ऑफिस सुटलं म्हणून डोकं सुटत नाही.

आता मुद्द्याचं. आपल्या बंधुराजांचा, अंबूचा फोन आला होता. आधी हवापाणी झालं, मग हळूच म्हणाला, "सुहासताई, तुझ्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो पाठव ना. आणि जन्मगाव काय लावलंयस, पुणे की सातारा? नोटारिसला हवंय."

"कशाला?"

"काही नाही गं, फॉर्मॅलिटी आहे. भेटलो की सांगतो."

ताई, तो शब्द मी आधी ऐकलाय. बाबांचं वर्षश्राद्धसुद्धा व्हायचं होतं तेव्हा हाच अंबू हेच म्हणाला होता. काकांनी मान डोलावली आणि आपण दोघी रजिस्ट्रार ऑफिसच्या त्या बाकावर जाऊन बसलो. कॅमेऱ्यात बघा, अंगठा इथे, सही इथे. झालं हक्कसोडपत्र. सहकारनगरच्या जागेतला आपला दोघींचा हिस्सा भावाला सोडून आपण बाहेर आलो आणि भावाने आपल्याला एकेक साडी दिली. बहिणींनी हक्क सोडायचा, भावाने साडी द्यायची, सगळ्या घरांत होतं तसं आपल्याकडेही रीतसर झालं. पुढे ती जागा विकूनच त्याने आल्मेरेचं घर घेतलं. मी काही बोलले नाही. माझा घटस्फोट चालू होता, मला स्वतःचंच पुरे झालं होतं.

पण विसरलेही नाही. आणि आता नोटारिस, म्हणजे इथला नोटरी, पुन्हा सही, पुन्हा फॉर्मॅलिटी.

माझा तर्क सांगते. मागे एकदा फोनवर तो आपल्या भावजयीला, संहिताला, बाजूला म्हणत होता, "फोख्तचं आधी ठरवू, बाकीचं नंतर बघू." फोन कानाशी होता, मी नीट ऐकलंय. डचमध्ये फोख्त म्हणजे ओल. भिंतीत चढते ती. इथे घर बघायला गेलं की सगळे नाक वर करून आधी तीच हुंगतात, आणि आल्मेरे तर समुद्र मागे सारून काढलेल्या जमिनीवर वसलेलं गाव. तेव्हा घराला ओल लागलीय हे नक्की. दुरुस्तीला कर्ज काढणार, कर्जाला जामीन लागणार, आणि जामीन कोण? तर युट्रेख्टमध्ये स्वतःचा फ्लॅट असलेली, मूलबाळ नसलेली बहीण. पासपोर्ट त्यासाठी हवाय.

मी फोटो पाठवला नाही. फोनचा कॅमेरा बिघडलाय म्हणून सांगितलं.

दिवाळीत ते तिघं तुझ्याकडे बरेच दिवस होते. तुझ्याजवळ काही बोलले का? तुला माहीत असेल आणि तू मला सांगत नसशील, तर ते मला कर्जापेक्षा जास्त लागेल. खरं काय ते कळव.

तुझी,
सुहास


युट्रेख्ट,
३० मार्च, रविवार

ती. ताई,

नमस्कार. तुझा मेसेज मिळाला. "पत्र पोचलं. अंबू वाईट नाही. सांगतो तिथे सही कर." पत्राला उत्तर म्हणून एवढंच? आणि काय सही करायची ते न विचारता "सही कर"? ताई, तू अंबूची वकील कधीपासून झालीस? मला त्या मेसेजचा वास आला, आणि तो काही बरा नव्हता.

म्हणून काल स्वतःच आल्मेरेला गेले. न कळवता गेले, म्हणजे स्टेशनवरून फोन केला. आवरासावर करायला वेळ मिळू नये इतपत.

गेल्यापासून माझं लक्ष भिंतींकडे. हॉलमधल्या सोफ्यामागे हात घालून बघितला, भिंत कोरडी. हात धुवायच्या निमित्ताने सिंकखालचं कपाट उघडलं, कोरडं. वर बाथरूममध्ये जाऊन टाइल्सच्या फटी नखाने खरवडल्या. जिन्याखाली बूट ठेवायची जागा असते तिथे तर मी चक्क वाकून हुंगत होते, तेवढ्यात मागून संहिता म्हणाली, "सुहासताई, काही शोधताय का?"

"बाथरूम," मी म्हटलं.

"आत्ताच तर जाऊन आलात ना?" असं ती म्हणाली नाही. शहाणी आहे. नुसतं "वर आहे" म्हणाली आणि चहा टाकायला गेली. पण तिने अंबूकडे बघितलं, अंबूने तिच्याकडे. नवराबायको एकमेकांकडे असं बघायला लागले की समजावं, काहीतरी शिजतंय.

मग त्यांची प्रांजली आली पोहण्याच्या क्लासवरून, ओल्या केसांनी. इथे मुलांना पोहता आलंच पाहिजे असा दंडक आहे, पाणी सगळीकडे. आली ती सरळ माझ्या मांडीवर. नऊ वर्षांची घोडी झालीय, पण बसते. आपण मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत सांगायचं, असं आमचं चालतं.

"आत्या, इन युवर हाउस, व्हेअर विल माय बेड बी?"

मी म्हटलं, "तुझा बेड इथेच आहे की. माझ्याकडे कशाला?"

"बट यू आर माय फोख्त."

"मी? तुझी ओल?"

ती इतकी हसली की मांडीवरून खाली घसरली. मग शाळेतल्या बाईंसारखं बोट वर करून मला शिकवायला लागली. ओल म्हणजे फोख्त, आखूड. आणि ती म्हणत होती ते फोऽख्त, लांबट. तिच्या मते दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्या मराठी कानाला काडीचा फरक कळत नाही, आणि अंबूच्या जिभेला तर त्याहून नाही. "फोऽख्त म्हणजे काय मग?" मी विचारलं.

"इफ मम्मी अँड पप्पा आर डेड, यू आर द बॉस."

स्वयंपाकघरात कप ठेवल्याचा आवाज झाला आणि अंबूने अखेर उलगडा केला.

पालक. फोऽख्त म्हणजे पालक. आईबाप दोघंही गेले तर मुलीला सांभाळायचं कुणी, ते नाव. अंबू आणि संहिता मृत्युपत्र करतायत, त्यात ते नाव लिहावं लागतं, आणि त्यांना तिथे माझं लिहायचंय. पासपोर्टवरचं नाव, जन्मगाव त्यासाठी हवं होतं. ओल कुठेच नव्हती, ताई. मी दुपारभर कोरड्या भिंती चाचपत बसले होते.

तुला वाटेल, मी गहिवरले. अजिबात नाही. माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो हा, की धडधाकट माणसं चाळिशीत मृत्युपत्र कशाला करतात? कोण आजारी आहे? मी पुन्हा वर गेले आणि या खेपेला औषधांचं कपाट उघडलं. पॅरासिटामॉल. इथले डॉक्टर मोडलेल्या हाडालाही तेच देतात, म्हणजे त्यावरून काही कळायला मार्ग नाही. खाली येऊन सरळ विचारलं.

संहिताने सांगितलं. जानेवारीत हायवेवर बर्फ होतं, त्यांची गाडी घसरून कठड्याला लागली. दोघांना खरचटलंसुद्धा नाही. पण प्रांजली तेव्हा क्लासला होती आणि तिला घ्यायला जायला कोणी नव्हतं. ती पोहण्याच्या तलावाच्या ऑफिसात बसून राहिली. तिथल्या बाईने तिला विचारलं, आईबाबांशिवाय तुझं इथे कोण आहे? आणि आपली भाची म्हणाली, "आय हॅव अॅन आत्या, बट शी इज ऑलवेज बिझी."

हे ऐकून मला फार वाईट वाटलं. अजून वाटतंय. मी काही तेवढी बिझी नसते गं.

तरी "हो" म्हटलेलं नाही. आधी मला नोटारिसकडे घेऊन चला, सगळा कागद मी वाचणार, मग बघू, असं सांगून आले. एकदा न वाचता सही केलीय, तेवढी पुरे.

तुझी,
सुहास

ता. क. : तुला हे ठाऊक होतं, हो ना? नाहीतर "सही कर" असं इतक्या खात्रीने तू कसं लिहिलंस?


युट्रेख्ट,
१३ एप्रिल, रविवार

ती. ताई,

नमस्कार. तुझ्याकडून अजून ओळ नाही. मी आपली लिहितेय.

शुक्रवारी सुट्टी टाकून नोटारिसकडे जाऊन आले. आपल्याकडे नोटरी म्हणजे कोर्टाच्या फाटकाबाहेर टेबल टाकून शिक्के मारणारा माणूस, माझ्या डोळ्यांपुढे तोच. इथे नोटारिस हे मोठं प्रकरण. घर घ्या, मृत्युपत्र करा, यांच्यासमोर बसल्याशिवाय होत नाही. बाई होती, साठीची, गळ्यात जाड मण्यांची माळ. कॉफी दिली आणि इंग्रजीत, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. मला ते आवडलं, कारण मध्येच कोणी मान डोलावून "पुढे चला" म्हणत नव्हतं.

तुलाही सांगून ठेवते, उपयोगी पडेल. इथे नवराबायकोंतलं एक गेलं तर मृत्युपत्र नसतानाही सगळं दुसऱ्याकडे जातं आणि मुलांचा हिस्सा नुसता कागदावर राहतो, हातात नंतर मिळतो. ते कायदाच बघतो. खरा प्रश्न दोघं एकदम गेले तर. मग घरदार मुलीचं, पण मुलगी कुणाकडे, हे कोर्ट ठरवणार, आणि ठरेपर्यंत तिची जबाबदारी कुठल्यातरी संस्थेकडे. अनोळखी घरात, अनोळखी जेवण. म्हणून नाव लिहून ठेवायचं. अंबू मध्येच म्हणाला, "पुण्याच्या खात्याला मी नॉमिनी लावलाय." मी म्हटलं, "अरे बाबा, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे ताब्यात घेऊन वारसांना पोचवायचा माणूस तो." बाईला ते इंग्रजीत सांगितलं तर तिने माझ्याकडे जरा आदराने बघितलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग मसुदा वाचायला घेतला. डच एका बाजूला, इंग्रजी एका बाजूला. पालक म्हणून माझं नाव, संपूर्ण, पासपोर्टप्रमाणे. (फोटो शेवटी पाठवला होता. कॅमेरा सुधारला.) आणि खालच्या परिच्छेदात, मुलीच्या पैशांची व्यवस्था ती मोठी होईपर्यंत बघणार राजन. राजन म्हणजे संहिताचा मावसभाऊ, वाखनिंगनला विद्यापीठात बियाण्यांवर काहीतरी संशोधन करतो.

ताई, माझं डोकंच फिरलं. मुलगी माझ्याकडे आणि किल्ली राजनकडे! खाऊपिऊ घालायला, अंगावर हात ठेवून झोपवायला आत्या, आणि पैशाला हात लावायचा तर राजनला विचारायचं. मी त्या बाईसमोरच अंबूला मराठीत म्हटलं, "म्हणजे मी आया आहे का रे? एवढा अविश्वास होता तर बोलावलंस कशाला?"

अंबूचं तोंड एवढंसं झालं. बाईला शब्द कळले नाहीत पण सूर कळला. ती म्हणाली, ही दोन कामं दोन माणसांना द्या असं मीच सगळ्यांना सांगते. ज्याच्या घरात मूल आहे, त्याच्याच हातात मुलाचा पैसा असला की पुढेमागे नातेवाईक बोलतात. नवीन पडदे लावले तरी बोलतात.

"तुझ्यावर कुणी बोट दाखवू नये म्हणून केलं गं," अंबू म्हणाला.

बोट कोण दाखवणार? या घरात बोट दाखवणारी तर मीच. राजनच्या जागी मी असते आणि माझ्या जागी राजन, तर मी त्याच्या पडद्यांची बिलं मागितली असती. हे माझ्या लक्षात आलं आणि मी मसुद्याचं पान उलटलं.

मग त्या बाईने पेन बाजूला ठेवलं आणि मला विचारलं, "तुम्हाला हे हवंय का? तुम्ही नाही म्हणू शकता. आज म्हणू शकता, आणि तशी वेळ आली तर तेव्हाही म्हणू शकता. नुसतं नाव लिहिल्याने तुमच्यावर सक्ती होत नाही. म्हणून तर आधी विचारायचं असतं."

मी एवढी पन्नाशीला आले. माझी सही घेताना मला कुणी असं विचारलेलं आठवत नाही. रजिस्ट्रार ऑफिसात विचारलं असतं ना ताई, तर मी तेव्हाही अंबूला जागा दिलीच असती. तुझ्याहून आधी दिली असती. मला जागेचं दुःख नव्हतंच कधी. मला तिथे हात धरून नेलं आणि बोट टेकवून घेतलं, त्याचं होतं. त्या परक्या बाईसमोर माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने निमूट टिश्यूचा डबा सरकवला.

"विचार करून सांगते" म्हणून उठले. बाहेर सायकल स्टँडपाशी अंबू म्हणाला, "तेव्हा मी तुला विचारलं नव्हतं. ताईलाही नाही. गृहीतच धरलं होतं." एवढंच बोलला. अंबूच्या मानाने पुष्कळ झालं. मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

इथपर्यंत सगळं छान. पण मग मी सहज म्हटलं, "आणि ताई का नाही रे? थोरली ती. तीन खोल्यांचं घर आहे, प्रांजलीवर जीव टाकते, तिचा एक मुलगा वाढवून झालाय. सगळे आधी तिचंच नाव घेतील."

ताई, अंबू घंटी वाजवून बघायला लागला. संहिता सायकलचं कुलूप उघडत होती, ते आधीच उघडलेलं होतं. अंबू म्हणाला, "शाळा, भाषा, सगळं इथलं आहे ना तिचं." हे कारण खरं असेल. पण विचारल्यावर लगेच आलेलं उत्तर आणि थांबून आणलेलं उत्तर, यांतला फरक मला कळतो. तेच तर माझं काम.

तुला आधी विचारलं होतं का? आणि तू नाही म्हणालीस? तू? मुंजीत आलेली परक्यांची पोरंसुद्धा तू कडेवरून खाली ठेवत नाहीस. हो की नाही, एवढंच कळव.

तुझी,
सुहास


युट्रेख्ट,
२७ एप्रिल, रविवार

ताई,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. माझ्या ऑफिसातला सौमित्र पुण्याला येतोय, तो सकाळी तू देवळात जातेस तेव्हा तुला बाहेर गाठून हातात देईल. चष्मेवाला, उंच मुलगा. घाबरू नकोस. आधीची पत्रं तुझ्या हाती पडायच्या आधी कोणी उघडत होतं की नाही मला माहीत नाही, पण आता मला खात्री करून घ्यायचीय की हे तू एकटीच वाचतेयस.

तुझं उत्तर आलं. "माझं वय झालं गं, तूच कर." एकसष्टाव्या वर्षी वय झालं? मागच्या वर्षी सिंहगड चढून वर पिठलं-भाकरी खाल्लेला फोटो तूच पाठवला होतास. मला पटलं नाही.

काल शनिवारी प्रांजलीला क्लासला मी घेऊन गेले. आता दर शनिवारी मीच नेणार आहे. संहिताही आली होती. पोरगी पाण्यात उतरल्यावर आम्ही दोघी बाकावर बसलो आणि मी तिला धरलं. ती म्हणाली, "सुहासताई, मी मोठ्या ताईंची शपथ घेतलीय." मी म्हटलं, "शपथ माझ्या डोक्यावर. बोल." ती आधी रडली, मग बोलली. तिच्यावर रागावू नकोस. तिला खोटं जमत नाही, तो तिचा गुणच आहे.

दिवाळीत त्यांनी तुलाच विचारलं होतं, नुसतं "उद्या काही झालं तर" असं. त्या अपघाताच्याही आधी. तुलाच पहिलं. आणि तू गॅलरीत जाऊन म्हणालीस, "तिला आणून ठेवू कुठे? हे घर आता कुणालचं आहे. मीच त्यांच्या सांगण्यावर राहतेय." आणि सुहासला सांगू नका, ती कुणालला फाडून खाईल, असंही म्हणालीस.

ताई, मी आल्मेरेच्या भिंती चाचपत फिरले. अंबूवर संशय घेतला, राजनवर घेतला, खालच्या मजल्यावरच्या त्या बिचाऱ्या पोरावर घेतला. आणि तू आठवड्यातून दोनदा माझ्याशी बोलत होतीस, स्पीकरवर, आणि मला काही कळलं नाही. तुझ्या मेसेजचाही राग आला होता मला. "सांगतो तिथे सही कर." तू मला तेच सांगत होतीस जे तुला सांगितलं गेलं.

भाऊजी गेल्यावर कुणाल म्हणाला असेल, आई, पुढे कटकट नको, आत्ताच माझ्या नावावर करून टाकू. बक्षीसपत्र झालंय, एवढं संहिताने सांगितलं. तुला वाटलं असेल, मृत्युपत्रासारखंच काहीतरी. तसं नसतं गं. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं, आणि जिवंत आहोत तोवर कितीदाही फाडून नवं करता येतं. बक्षीसपत्र नोंदवलं की त्याच दिवशी घर गेलं. तू त्या दुपारी घरी परत आलीस ती दुसऱ्याच्या घरात आलीस. हे तुला कुणी सांगितलं का? सही करायच्या आधी कुणी विचारलं का, की तुम्हाला हे हवंय का?

कुणाल वाईट नाही, असं तू म्हणशील. नसेल. अंबूही वाईट नव्हता. मी कुणालला फाडून खाणार नाही, तुला शब्द देते. आधी विचारणार आहे. शांतपणे. पण त्याच्या "मावशी, कशी आहेस"ला आता भुलणार नाही.

तू एवढं कर. त्या बक्षीसपत्राची नोंदणी झालेली प्रत काढ, तुझ्याकडे नसेल तर नोंदणी ऑफिसातून मिळते, सौमित्रला सांग, तो बरोबर येईल. त्यात मुलाने आईला सांभाळायचं अशी अट लिहिलीय का ते बघ. लिहिली असेल आणि सांभाळत नसतील, तर ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने प्रांताधिकाऱ्याकडे अर्ज करून ते रद्द करून घेता येतं. लिहिली नसेल तर वाट अवघड आहे, पण वकिलाला विचारल्याशिवाय मी हार मानणार नाही. तोवर दुसऱ्या कुठल्याही कागदावर सही करू नकोस. भाऊजींच्या ठेवी असतील, साताऱ्याचा तुकडा असेल, काहीही असेल. पेन पुढे आलं की म्हण, चष्मा सापडत नाही. मी शिकवायची गरज नाही, चष्मा तुला खरोखरच सापडत नाही.

अंबूला मी हो सांगितलं. राजनसकट. परवा ते दोघं जाऊन सह्या करतील. प्रांजलीला सांगितलं तर तिने एवढंच विचारलं की माझ्या घरी तिचं मांजर चालेल का. त्यांच्याकडे मांजर नाही. पुढे घेणार असतील.

आणि त्याच बाईकडे माझंही मृत्युपत्र करायला टाकलंय. मला नवरा नाही, मूल नाही, आईबाबा नाहीत, तर कायद्याने माझं सगळं तुम्हा दोघा भावंडांचंच. पण मला ते कायद्यावर सोडायचं नाही, माझ्या हाताने लिहायचंय. फ्लॅट प्रांजलीला. पण तू असेपर्यंत तुला इथे राहायचा हक्क, आणि तो कुणालाही काढून घेता येणार नाही, असं लिहायला सांगितलं. बाईने विचारलं, तुमच्या बहिणीला विचारलंत का? मी म्हटलं, विचारते.

म्हणून विचारतेय. पण ते झालं मी मेल्यावरचं, आणि त्याची वाट कशाला बघायची? व्हिसाच्या कागदांचं अंबू बघतोय, निदान तीन महिन्यांचा मिळतो, पुढचं पुढे. मागची खोली मी रिकामी केलीय. ताई, प्रांजलीला माझ्या घरी राहायला यायचं तर आधी तिचे आईबाप दोघंही जावे लागतील. तुला यायला कुणी मरायची गरज नाही. येशील का?

तुझ्या उत्तराआधीच तिकिटं बघत बसलेली,
तुझी सुहास